क्युशूत जन्मलेले १३ पेशंट

जपानमधलं क्योटो, १९७० चं दशक. डॉक्टर कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या टीमकडे ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, काही वेगळ्याच केसेस जमायला लागल्या. याच आजाराला पुढे अ‍ॅडल्ट टी-सेल ल्युकेमिया म्हणायला लागले. मानेत, काखेत, जांघेत गाठी, लिव्हर वाढलेलं, अंगावर चट्टे, आणि काहींच्या रक्तात कॅल्शियम इतकं चढायचं की माणूस गुंगीतच जायचा. आपल्याकडे पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं आणि चार दिवसांत उतरतं, या गाठी काही उतरत नव्हत्या.

रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की लिम्फोसाइटचं, म्हणजे एका पांढऱ्या पेशीचं, न्यूक्लियस कसं गोल दिसायला हवं, इथे त्याला खाचा पडून पाकळ्या पाकळ्या झालेल्या. आजही पॅथॉलॉजिस्ट त्याला फ्लॉवर सेलच म्हणतात. आणि ही पेशी होती टी सेल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणारीच.

१९७७ साली त्यांनी १६ पेशंटची माहिती छापली, त्यातले १३ जण जन्मले होते दक्षिणेच्या क्युशू बेटावर. राहायला दुसरीकडे, पण जन्म तिथला. मला या सगळ्यात हेच फार मोठं वाटतं, की एवढ्या तपासण्यांच्या गराड्यात कुणीतरी पेशंटला नीट विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं.

इतके जण एकाच भागातले म्हटल्यावर संसर्गाचा संशय आलाच, आणि मग व्हायरसचा शोध सुरू झाला. १९८० मधे अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या लॅबने एका पेशंटच्या टी सेलमधून एचटीएलव्ही-१ नावाचा व्हायरस वेगळा केला. १९८१ मधे इकडे योरिओ हिनुमा यांनी या आजाराच्या पेशी काचेवर पसरल्या, त्यावर पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग, टाकलं, वर चमकणारा डाय, आणि काही पेशी हिरव्यागार उजळल्या, म्हणजे पेशंटच्या रक्तात या व्हायरसविरुद्ध अँटिबॉडी होत्या. क्युशूतल्या कितीतरी धडधाकट लोकांच्या सीरमनेही तसंच झालं. पुढे कळलं की दोन्हीकडचा व्हायरस एकच.

हा व्हायरस टी सेलच्या डीएनएतच जाऊन बसतो. त्याचं टॅक्स नावाचं प्रोटीन पेशीला वाढायला लावतं, नंतर ते बऱ्याचदा गप्प होतं आणि एचबीझेड नावाचं दुसरं काम चालू ठेवतं. तरी लागण झालेल्या शंभरातल्या जेमतेम पाचेक जणांनाच कॅन्सर होतो, तोही कित्येक दशकांनी. पण अ‍ॅक्युट, म्हणजे झपाट्याने वाढणारा प्रकार झाला तर हातात बऱ्याचदा वर्षभरच उरतं.

टी सेलपासून होणाऱ्या सगळ्याच लिम्फोमांचं, म्हणजे लिम्फच्या गाठींच्या कॅन्सरचं, असं नसतं हं. त्यातल्या अँजिओइम्युनोब्लास्टिक नावाच्या प्रकारात एप्स्टाइन-बार हा दुसराच व्हायरस सापडतो, पण बहुतेक वेळा कॅन्सरच्या टी सेलमधे नाही तर शेजारच्या बी सेल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींमधे. आणि जिथे तो गाठीतल्या कॅन्सरच्या पेशीतच असतो, तो मुख्यतः पूर्व आशियात दिसणारा प्रकार २०२२ च्या लिम्फोमांच्या वर्गीकरणात वेगळा मांडला गेला.

एचटीएलव्ही-१ रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, पण या कॅन्सरच्या दृष्टीने महत्त्वाचा रस्ता म्हणजे आईचं दूध. म्हणून १९८७ पासून नागासाकीत गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली, पॉझिटिव्ह आयांना अंगावर न पाजण्याचा सल्ला दिला गेला. त्या आयांना किती जड गेलं असेल ते! पण जास्त महिने अंगावर प्यायलेल्या मुलांत लागण साधारण २० टक्के होती, वरच्या दुधावर वाढलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत. २०११ पासून ही तपासणी जपानभर होते. जपानमधे हा कॅन्सर साधारण साठी-सत्तरीत गाठतो, आणि १९८७ ची ती बाळं आत्ता कुठे चाळिशीच्या आसपास आहेत.