हॉवर्ड ते ९५वा रस्ता : शिकागोची माणसं

(दृश्य : सकाळ. हॉवर्ड स्टेशनचा फलाट. रेड लाइन या शहरी रेल्वेमार्गाची गाडी येऊन थांबते.)

शिकागोच्या अगदी उत्तर टोकाला हे हॉवर्ड स्टेशन. इथून निघालेली गाडी शहराच्या पोटातून जाऊन थेट दक्षिणेला ९५व्या रस्त्यावर थांबते. शिकागोत कोण राहतं, हे जनगणनेच्या तक्त्यातही वाचता येतं आणि या डब्यात बसूनही. दोन्हीकडे उत्तर वेगळं मिळतं.

आधी तक्ता पाहू. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या भरली २७ लाख ४६ हजार ३८८. त्यात गोरे ३१.४ टक्के, लॅटिनो म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतले २९.८ टक्के, कृष्णवर्णीय २८.७ टक्के आणि आशियाई सुमारे ७ टक्के. अमेरिकेच्या जनगणनेत लॅटिनो असणं आणि वंश हे दोन वेगळे प्रश्न होते, त्यामुळे इथे गोरे म्हणजे लॅटिनो नसलेले गोरे. तीन मोठे समाज, जवळजवळ समसमान. वाचणाऱ्याला वाटावं, हे लोक एकमेकांच्या शेजारी राहत असतील.

(दृश्य : धावत्या गाडीचा डबा. प्रवासी चढतात, उतरतात.)

आता डबा पाहा. आर्गाइल स्टेशनला व्हिएतनामी दुकानांच्या पाट्या दिसतात. १९७५ नंतर निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांनी हा रस्ता उभा केला. पुढे कचेऱ्यांचा भाग येतो, तिथे सगळेच असतात. सर्माक-चायनाटाउनला चिनी आजीआजोबा पिशव्या सावरत उतरतात. आणि ३५वा रस्ता मागे पडला की डब्यात उरतात ते बहुतेक सगळे कृष्णवर्णीय प्रवासी. तिथून शेवटच्या स्टेशनापर्यंत हे चित्र फारसं बदलत नाही.

ही विभागणी माणसांनी केली, कागदावर सह्या करून केली. ती कशी केली, ते सांगायलाच हवं.

(दृश्य : शिकागो नदीचं मुख. जुनी रेखाचित्रं.)

ही भूमी पोटावाटोमी आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासी जमातींची. बाहेरून येऊन इथे कायमचं घर बांधणारा पहिला माणूस म्हणून ज्याची नोंद आहे, तो ज्याँ बाप्तिस्त प्वाँ द्यु साब्ल हा कृष्णवर्णीय व्यापारी होता. त्याची बायको किटिहावा पोटावाटोमी होती. १८३३च्या तहाने पोटावाटोमींना मिसिसिपीच्या पलीकडे हाकललं गेलं, आणि चारच वर्षांत शिकागो रीतसर शहर झालं.

१८४० मध्ये इथे साडेचार हजार माणसं होती. १८९० मध्ये अकरा लाख. मध्ये १८७१ची ती भीषण आग होऊन गेली, तरीही. कालवा खणायला आयरिश आले, कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत जर्मन, पोलिश, लिथुआनियन, चेक. १८९० च्या शिकागोत चारांपैकी तीन माणसं एकतर परदेशात जन्मलेली होती किंवा परदेशातून आलेल्यांची मुलं होती.

(दृश्य : १८वा रस्ता, पिल्सन. रंगवलेल्या भिंती, जुन्या दगडी इमारती.)

पिल्सन हे नाव चेक लोकांनी आपल्या बोहेमियातल्या गावावरून ठेवलं. त्यांनी १८९२ मध्ये बांधलेलं थालिया हॉल आजही उभं आहे. याच चेक समाजातला, बोहेमियात जन्मलेला अँटन सर्माक १९३१ मध्ये शहराचा महापौर झाला. पुढे चेक कुटुंबं पश्चिमेकडे सरकली. १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी शेजारच्या वस्तीतली घरं पाडली, तेव्हा तिथली मेक्सिकन कुटुंबं पिल्सनमध्ये आली. आज इथे मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आणि आता भाडी चढलीत, नवे गोरे भाडेकरू आलेत, ज्यांनी या भिंती रंगवल्या त्यांचीच मुलं इथून बाहेर पडतायत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. रेल्वे स्थानक, हातात गाठोडी घेतलेली कुटुंबं.)

पण शिकागोची खरी कहाणी दक्षिण भागात आहे. १९१० मध्ये इथे कृष्णवर्णीय होते ४४ हजार, शहराच्या दोन टक्के. पहिल्या महायुद्धात युरोपातून मजूर येणं थांबलं, कारखान्यांना माणसं हवी झाली. मिसिसिपीत, अलाबामात कापसाच्या शेतावर राबणाऱ्या, झुंडबळीच्या भीतीत जगणाऱ्या माणसांपर्यंत ही बातमी पोचली ती 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्रातून. रॉबर्ट ॲबट यांनी ते १९०५ मध्ये सुरू केलं होतं. रेल्वेच्या शयनयानांत काम करणारे कृष्णवर्णीय सेवक त्याचे गठ्ठे दक्षिणेत पोचवायचे. इलिनॉय सेंट्रलच्या गाड्या भरभरून उत्तरेला येऊ लागल्या.

२७ जुलै १९१९. मिशिगन सरोवरात पोहणारा सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या किनाऱ्याकडे वाहत गेला. पाण्यात कुठली रेघ आखलेली नव्हती. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. तिथे हजर असलेल्या पोलिसाने दगड मारणाऱ्याला अटक करायला नकार दिला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी.

दंगल थांबल्यावर रेघ घरांच्या कागदपत्रांत उतरली. 'हे घर कृष्णवर्णीयांना विकणार नाही, भाड्याने देणार नाही' असे करार मालकांनी आपसांत केले. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अंमलात आणायला मनाई केली. पण कृष्णवर्णीयांच्या वस्तीत बँका कर्ज द्यायच्या नाहीत, सरकारी हमी मिळायची नाही. मग दलालांनी करारावर घरं विकली: किंमत दुप्पट, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर नाही. एक हप्ता चुकला की घर आणि आधीचे सगळे पैसे गेले. नॉर्थ लॉन्डेलमधल्या कुटुंबांनी १९६८ मध्ये संघटना बांधून याविरुद्ध लढा दिला. त्यांची आठवण शहराने याहून जास्त ठेवायला हवी होती.

तरीही हा समाज वाढला. १९८० पर्यंत बारा लाखांच्या घरात पोचला, शहराच्या चाळीस टक्के. १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

(दृश्य : डेव्हन ॲव्हेन्यू. साड्यांची दुकानं, किराणा.)

क्षणभर पुन्हा उत्तरेला येऊ. १९६५ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना दार उघडलं आणि पूर्वी ज्यू दुकानदारांच्या असलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर भारतीय, पाकिस्तानी दुकानं आली. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा साखळीचं पहिलं दुकान १९७४ मध्ये इथेच उघडलं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ त्याच्याही आधीचं, १९६९ सालचं. आज मात्र मराठी घरं बरीचशी नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांत आहेत. डेव्हनला ती खरेदीला येतात.

चिनी समाजाने मात्र शहर सोडलं नाही. चायनाटाउनमधून तो शेजारच्या ब्रिजपोर्टमध्ये पसरला. ब्रिजपोर्ट म्हणजे आयरिशांचा बालेकिल्ला, महापौर रिचर्ड डेली यांचा मोहल्ला. २०२२ मध्ये त्याच ११व्या वॉर्डाच्या नगरसेवक झाल्या निकोल ली, शहराच्या पहिल्या चिनी-अमेरिकन नगरसेवक.

(दृश्य : एंगलवूड. गवत वाढलेले रिकामे प्लॉट, मध्येच एखादं घर.)

आणि हे एंगलवूड. १९६० मध्ये इथे ९७ हजारांहून जास्त लोक राहत होते. २०२० मध्ये उरले साधारण २४ हजार. पोलाद कारखाने बंद पडले. त्यांतल्याच साउथ वर्क्सला १९९२ मध्ये टाळं लागलं. सरकारी वसाहतींचे उंच मनोरे पाडले, तिथल्या कुटुंबांना परतायला पुरेशी घरं बांधली नाहीत. २००८च्या मंदीत घरं जप्त झाली. २०१३ मध्ये शहराने पन्नासच्या आसपास शाळा एकाच वेळी बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या.

म्हणून १९८० ते २०२० या चाळीस वर्षांत शिकागोने चार लाख कृष्णवर्णीय माणसं गमावली. कोणी जवळच्या उपनगरांत गेलं, कोणी इंडियानात, कोणी अटलांटाला, टेक्सासला. ज्या दक्षिणेतून आजोबा जीव मुठीत धरून निघाले होते, तिथेच नातवंडं चांगल्या घरासाठी परतली. समसमान दिसणाऱ्या त्या तीन आकड्यांपैकी एक वरून खाली येताना तिथे पोचलाय आणि लॅटिनोंचा खालून वर चढताना.

याचा हिशेब राजकारणातही होतो. २०२० नंतर वॉर्डांची नवी आखणी झाली तेव्हा कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले वॉर्ड अठरावरून सोळावर आले, लॅटिनोंचे चौदा झाले आणि आशियाईंना पहिल्यांदाच एक मिळाला. पुढची जनगणना २०३० मध्ये आहे. तोवर एंगलवूडच्या या प्लॉटांवर परवडणारी घरं उभी राहिली, तर सोळाचा आकडा टिकू शकतो. त्यासाठी लागणारी जागा इथे आहे, आणि रेड लाइनचं स्टेशन ६३व्या रस्त्यावर आहे.