"डॉक्टर, ते रात्रीचं जरा..."

नमस्कार मंडळी. आज प्रोस्टेटबद्दल बोलूया. घरात वडील, काका, आजोबा असतील तर रेडिओचा आवाज थोडा वाढवा, ते आतल्या खोलीतून ऐकतीलच.

साठी उलटलेले कितीतरी पुरुष लग्नाला गावी निघायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, एसटीत दाराजवळची सीट धरतात, स्टँड आला की आधी मुतारी गाठतात. रात्री ३-४ वेळा उठायचं, धार सुरू व्हायची वाट बघत उभं राहायचं, आणि बायकोने विचारलंच तर अगं वय झालं आता. सगळं अॅडजस्ट करतील पण दवाखान्याचं नाव नाही. गेले तरी सगळा वेळ गुडघ्याचं सांगतील आणि निघताना दारापाशी थांबून "डॉक्टर, ते रात्रीचं जरा..." त्यात सोबत सून असली की तेवढंही नाही.

लाज आहेच हो, पण मला विचाराल तर खरी धास्ती वेगळीच, कॅन्सर निघेल नाहीतर ऑपरेशन सांगतील. आता बघा, प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली लघवीच्या नळीभोवती असते, तरुणपणी साधारण २० ग्रॅमची, वयाबरोबर वाढते आणि नळी दाबते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नाही, तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण नुसत्या त्रासावरून काय आहे ते कळत नाही, म्हणून तपासायचं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, गरज वाटली तर पीएसए ही रक्ताची टेस्ट, आणि शौचाच्या जागेतून बोटाने तपासणी, जिचा सगळ्यांनी उगाच धसका घेतलाय आणि जी मिनिटभरात उरकते. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. ऑपरेशन लागलंच तर बहुतेकदा दुर्बिणीतून, पोटावर टाका नाही.

अंगावर काढलं की मग कधीतरी सर्दीच्या एखाद्या गोळीचं निमित्त होतं आणि मध्यरात्री लघवी पूर्ण बंद, ओटीपोट तट्ट फुगलेलं, रिक्षा शोधा, कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी घाला, सगळं घर जागं. आणि काहींच्या बाबतीत तुंबलेली लघवी किडनीवर ताण आणत राहते, पेशंटला पत्ताही नसतो.

लघवीत रक्त दिसलं तर थांबूच नका, लगेच जा. बाकीच्यांनी ३ दिवस कागदावर लिहा, किती वाजता गेलो, रात्री कितीदा उठलो, चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत टाका, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पण, आणि सुनेला सांगा बाहेर बस, मी आत जाऊन येतो.