वीस डॉलरची नोट

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात एका सभासद भगिनीने केलेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं आवरून-सावरून.)

मंडळी, नमस्कार. कार्यकारिणीनं मला 'महामारी आणि आपण' असा विषय दिलाय, पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि मागच्या खोलीतून मसालेभाताचा वास सुटलाय. माझी लढत कुणाशी आहे याची मला पूर्ण कल्पना आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कारण दर मेळाव्यात कुणीतरी रक्ताचा रिपोर्ट घेऊन मला गाठतंच. मी फार्मासिस्ट. कराडला बी. फार्म. केलं, इथं येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि गेली कित्येक वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, दक्षिण मिनिॲपोलिसमध्ये, लेक स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. २०२० चा उन्हाळा मी तिथून पाहिला. टीव्हीवरून नाही.

त्या जूनमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं होतं, आठवतंय ना? दोघं ग्रुप सोडून गेले आणि श्रावणात परत आले. (हशा) पण सुरुवात ज्या मेसेजनं झाली तो हसण्यासारखा नव्हता. पाडवा रद्द झाला होता. आपल्यातल्या एका काकांचे वडील साताऱ्याला वारले, भारतानं बाहेरून येणारी विमानं मार्चमध्येच बंद केली होती, आणि काकांनी अंत्यविधी फोनवर पाहिला. मग मेच्या अखेरीस इथं पोलिसाच्या हातून एक कृष्णवर्णीय माणूस मेला आणि हजारो माणसं रस्त्यावर उतरली. काकांनी लिहिलं, 'मला वडिलांना खांदा देता आला नाही. मोर्चाला मात्र कुणाची आडकाठी नाही?' खाली दोनशे मेसेज आले. कुणी दुकानं जाळल्याबद्दल बोललं, कुणी गांधीजी काढले, कुणी शाहू-फुले काढले. मी गप्प बसले. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे, भांडायला अंगात त्राण नव्हतं. आज, पाच वर्षं उशिरानं, काकांना उत्तर द्यायचा प्रयत्न करते. काका तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांची परवानगी काढलीय.

आधी एका माणसाबद्दल. जॉर्ज फ्लॉइड. पोलिसाच्या गुडघ्याखाली झालेला त्याचा मृत्यू सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी त्याच्या आधीचे दोन महिने सांगते. ह्यूस्टनहून आलेला हा माणूस इथल्या एका क्लबात सुरक्षारक्षकाचं काम करायचा. मार्चमध्ये राज्यातले बार आणि हॉटेलं बंद झाली, त्याबरोबर त्याचं काम गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला करोना झाला. २५ मे रोजी, सोमवारी संध्याकाळी, अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्यानं सिगारेटसाठी वीस डॉलरची नोट दिली आणि ती खोटी असल्याचा संशय आला. पुढची साडेनऊ मिनिटं जगानं पाहिली. शवविच्छेदनात त्याच्या नाकातला नमुना पुन्हा पॉझिटिव्ह आला; बऱ्या झालेल्या माणसाचा येतो तसा, आधीच्या आजाराचा उरलेला.

रोग, बेकारी आणि वर्ण. तिन्ही एकाच माणसात. सरकारी बैठकांत 'सार्वजनिक आरोग्य, वांशिक न्याय आणि अर्थव्यवस्था यांचा तोल साधणे' असं म्हणतात; ही तराजूची वेगवेगळी पारडी आहेत, आणि कुठंतरी शहाणा माणूस बसून वजनं इकडची तिकडं करतो, असं वाटतं ऐकताना. काउंटरवर माझ्यासमोर तराजू कधी आला नाही. एक माणूस आला, आणि त्याच्या एकाच प्रिस्क्रिप्शनवर तिन्ही लिहिलेलं होतं.

त्या पोलिसावरच्या खटल्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती मला कायम टोचते. ज्या पोरानं ती नोट घेतली, तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानं साक्षीत सांगितलं की खोटी नोट घेतली तर ती रक्कम आपल्या पगारातून कापली जाते, असा त्या दुकानाचा नियम होता. आधी त्याला वाटलं होतं, जाऊ दे, आपल्या खिशातून भरू. मग विचार बदलला आणि त्यानं वरिष्ठाला सांगितलं. मीही गल्ल्यावर उभी राहते. दिवसाच्या शेवटी वीस डॉलर कमी भरले तर पोटात कसा गोळा येतो, ते मला विचारा.

आता आकडे, थोडेच. एप्रिल २०२० मध्ये देशातली बेकारी १४.७ टक्के होती. मे महिन्यात ती १३.३ वर उतरली आणि टीव्हीवर आनंदाची बातमी झाली. पण गोऱ्यांमधली बेकारी १४.२ वरून १२.४ झाली होती, कृष्णवर्णीयांमधली १६.७ वरून १६.८. म्हणजे पाऊस थांबला म्हणून छत्र्या मिटल्या, आणि एका आळीत अजून गुडघाभर पाणी. छोट्या धंद्यांचंही तेच. फेब्रुवारी ते एप्रिल या दोन महिन्यांत चालू असलेल्या कृष्णवर्णीय धंदेवाल्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली, गोऱ्यांची १७ टक्क्यांनी. सरकारनं धंद्यांना कामगारांच्या पगारासाठी कर्ज द्यायची योजना काढली, पहिला हप्ता ३४९ अब्ज डॉलरचा, तो तेरा दिवसांत संपला. ज्याची बँकेत आधीपासून ऊठबस, त्याचा अर्ज आधी.

आपण काय करत होतो? लॅपटॉप उघडून, वर शर्ट आणि खाली पायजमा घालून मीटिंगा. डुकराचं मांस घरून कापता येत नाही. याच राज्यात वर्दिंग्टनला मोठा मांस कारखाना आहे, कामगार बहुतेक स्थलांतरित. एप्रिलमध्ये तिथं साथ इतकी पसरली की कारखाना बंद करावा लागला. त्या महिन्याच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांनी असे कारखाने चालू राहावेत म्हणून आदेश काढला. 'अत्यावश्यक' हा शब्द आपण भाजीवाल्याला, नर्सला, मला, सगळ्यांना बहाल केला. मानाची शाल दिली, रेनकोट दिला नाही.

गुरुवारी रात्री, २८ मेला, पोलिसांचं 'थर्ड प्रीसिंक्ट' नावाचं ठाणं जळालं. शुक्रवारी सकाळी मी कामावर गेले तर आमच्या दुकानाच्या काचा फुटपाथवर होत्या आणि आतली कपाटं उपसलेली. लेक स्ट्रीटवरचं टार्गेटचं मोठं दुकान गेलं, शेजारचं कब फूड्सचं किराणा दुकान गेलं, बस आणि लाइट रेल काही दिवस बंद, रात्री आठनंतर संचारबंदी. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी औषधाचं दुकान एका रात्रीत चालण्यापलीकडे गेलं. आम्ही दोघी-तिघी पुढचे चार दिवस फक्त फोनवर होतो: याचं प्रिस्क्रिप्शन त्या दुकानात, तिचं रिफिल या दुकानात. इन्शुलिन, दम्याचे पंप, रक्तदाबाच्या गोळ्या. एक आजोबा, आमचे जुने गिऱ्हाईक. मास्क लावायची सक्ती नव्हती तेव्हापासून लावायचे, पण दारातून आत येताना तो खाली ओढून आधी मला चेहरा दाखवायचे, 'मीच आहे' म्हणून. मास्क लावलेला उंचापुरा काळा माणूस दुकानात शिरला की लोक काय समजतात, हे त्यांना सत्तर वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. त्यांचा पंप संपत आला होता. शेवटी माझ्या नवऱ्यानं नेऊन दिला.

मला त्या आठवड्यात राग आला होता. जाळणाऱ्यांचा आला होता. हे मोकळेपणानं सांगते. आमच्याच भागातलं 'गांधी महल' नावाचं उपाहारगृह त्याच रात्री आगीत गेलं. आदल्या दिवसांत तिथं जखमी निदर्शकांवर प्रथमोपचार चालले होते. मालक रुहेल इस्लाम, मूळचे बांगलादेशचे. ते फोनवर म्हणाले, इमारत जळू दे, न्याय झाला पाहिजे. त्यांच्या मुलीनं ते ऐकलं, लिहिलं आणि देशभर पोचलं. त्या माणसापुढं मी हात जोडते, पण माझं मन तेवढं मोठं नव्हतं. मला माझं फ्रिज दिसत होतं, त्यात खराब झालेलं इन्शुलिन.

त्याच रविवारी सॅनफर्ड मिडल स्कूलनं पंचाऐंशी कुटुंबांपुरती वाणसामानाची पाकिटं मागितली. गाड्यांची रांग मैलोगणती लागली आणि पिशव्या हजारोंनी आल्या. आपल्या मंडळातले चौघं त्या रांगेत होते. त्यांतल्या एकानं दहा पौंड जाडे पोहे दिले. ते कुणी कसे शिजवले, देव जाणे.

आता काकांचा प्रश्न. जूनच्या सुरुवातीला आरोग्य क्षेत्रातल्या बाराशेहून अधिक लोकांनी खुलं पत्र काढलं: वर्णद्वेष हाही आरोग्याचाच प्रश्न आहे, त्यामुळे करोनाच्या कारणानं ही निदर्शनं थांबवू नका, मास्क लावा, अंतर ठेवा. पहिलं वाक्य मी रोज काउंटरवर पाहते, त्यात मला शंका नाही. पण एप्रिलमध्ये मिशिगनच्या लॅन्सिंगला टाळेबंदीविरुद्ध माणसं जमली तेव्हा आम्हीच धोका-धोका म्हणून ओरडलो होतो, आणि या पत्रात ती निदर्शनं वेगळी, ही वेगळी असंही लिहिलं होतं. विषाणू फलक वाचत नाही, काका. मोर्चा कशासाठी, हे नागरिक म्हणून मी ठरवीन. हवेत किती धोका, हे फार्मासिस्ट म्हणून सांगीन. दोन्ही एका कागदावर, एका सहीखाली आलं आणि तुमच्यासारख्यांचा आमच्यावरचा विश्वास तिथं तडकला. तुमचं चुकलं नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं, तेही सांगायला हवं. राज्यानं लेक स्ट्रीटच्या परिसरात निदर्शकांसाठी फुकट चाचण्या ठेवल्या. पॉझिटिव्ह दोन टक्क्यांहून कमी निघाले. देशातल्या ३१५ मोठ्या शहरांचे आकडे तपासून अर्थशास्त्रज्ञांनीही म्हटलं की निदर्शनांमुळे साथ भडकल्याचा पुरावा नाही. एक कारण असं की बाकीचं शहर त्या दिवसांत घरात बसलं होतं. उघड्या हवेनं आणि मास्कनं हात दिला. पण पत्रावर सही करताना हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याहून वाईट झालं ते दुसऱ्या बाजूनं. ३० मेला राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा आयुक्तांनी पत्रकारांना सांगितलं की अटक केलेल्यांचे लागेबांधे आम्ही शोधतोय, आणि त्यासाठी शब्द वापरला 'कॉन्टॅक्ट ट्रेसिंग'. आरोग्य खात्याची माणसं नेमकं याच नावाचं काम करत लोकांना फोन लावत होती: तुम्ही कुणाला भेटलात, कुठं गेलात, घाबरू नका, ही माहिती आमच्यापाशीच राहील. मी ते ऐकलं आणि मला पुणं आठवलं.

आपण शाळेत रँडचा वध शिकलो. २२ जून १८९७, गणेशखिंड, चापेकर. पण त्याआधी घराघरांत काय चाललं होतं, यावर परीक्षेत प्रश्न नसायचा. प्लेगचे रोगी शोधायला गोरे सोल्जर घरात घुसत होते. परिणाम काय? लोक रोगी लपवायला लागले. आणि रोगी लपला की प्लेग कुणाच्या बापाला आटोपत नाही. त्याच वर्षी, दुष्काळानं आधीच पिळून काढलेल्या त्याच मुलखात, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात आणलं, आणि १० मार्चला त्याच प्लेगनं गेल्या. सोल्जर दारात आला की रोगी माळ्यावर जायचा. सावित्रीबाई दारात आल्या, तर आईनं पोर हातात दिलं.

एक गोष्ट राहिली, ती तुमच्या खिशातली. ऑक्सिमीटर. बोटाला लावायची ती चिमटी २०२० मध्ये आमच्याकडे पावासारखी खपली. डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ही चिमटी प्रकाश त्वचेतून आरपार पाठवून मोजते, आणि काळ्या त्वचेवर फसते. चिमटी ९२ ते ९६ दाखवतेय, आणि धमनीतलं रक्त काढून पाहिलं तर ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा, गोऱ्यांत ३.६ टक्के. त्या यंत्रात कुणी दुष्टपणा भरलेला नाही. ते बनवून तपासताना समोर कुणाची बोटं होती, एवढाच प्रश्न. पुढच्या एप्रिलमध्ये सांगलीहून माझ्या मावसभावाचा रात्री दोनला फोन, 'ताई, आईचं ९४ दाखवतंय, बेड शोधू का थांबू?' मी घरात त्या मावशीला लाडानं 'काळी मावशी' म्हणत आले आहे. त्या रात्री ते शब्द घशात अडकले. म्हटलं, आकडा सोड, श्वास मोज, मिनिटाला किती होतात ते सांग.

मावशी वाचली. सगळ्यांच्या वाचल्या नाहीत, याच खोलीत.

बरं, पोळ्या आल्याची खूण होतेय. शेवटचं, कामाचं. नोकरी गेली की या देशात त्याच आठवड्यात नाहीतर महिनाअखेर विमा जातो, आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचं, नवी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा असं साठ दिवसांचं घड्याळ त्याच क्षणी सुरू होतं. सध्या आपल्यातल्या काही घरांत ते चालू आहे, मला माहीत आहे, नावं घेत नाही. मिनेसोटात १ जुलै २०२० पासून कायदा आहे: इन्शुलिन संपत आलं आणि परवडत नसेल, तर महिन्याभराचं पस्तीस डॉलरमध्ये मिळतं. ॲलेक स्मिथ नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा पुरवून-पुरवून इन्शुलिन घेत २०१७ मध्ये गेला, त्याच्या नावाचा कायदा आहे हा. अर्ज माझ्या निळ्या पिशवीत आहेत. जेवणाच्या रांगेत नको, सगळे बघतात. मी शेवटी भांडी आवरायला थांबणार आहे, तेव्हा या.