मनगटावरची सुई

मध्यरात्री छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, आता अटॅकच येणार असं वाटतं. घरचे धावतपळत म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या इस्पितळात नेतात. ईसीजी नॉर्मल येतो. "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून घरी पाठवणी होते. मग कुणी दृष्ट काढतं, कुणी देवाला कौल लावतं. या दुखण्याला चिंताविकार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत, हे कळेपर्यंत कित्येकांची वर्षं जातात.

असाच त्रास असलेल्या एक ताई गोळ्यांच्या जोडीला सुया टोचण्याचा चिनी उपचार, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर घेतात. मनगटाची घडी करंगळीच्या बाजूला जिथे संपते, तिथल्या खळगीत शेनमेन हा बिंदू. पाकीट त्यांच्यासमोर फोडलं जातं; तसंच असायला हवं, सुई दरवेळी नवी. पाव मिलिमीटर जाडीची ती सुई प्लास्टिकच्या नळीत धरून वर एक टिचकी, की आत. मनगट जडावतं, किंचित मुंग्या येतात. दुसरी सुई भुवयांच्या मधोमध. मग वीसेक मिनिटं नुसतं पडून राहायचं.

सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातल्याच डॉ. बसूंनी १९५९ मध्ये ही विद्या भारतात आणली. स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून केंद्र सरकारची मान्यता २०१९ची.

आणि गुण? शस्त्रक्रियेआधीची धास्ती कानातल्या सुयांनी कमी होते, असं काही चाचण्यांत दिसलंय. चिंताविकारावरच्या चाचण्या मात्र बहुतेक लहान, आणि नकली सुया लावलेल्यांनाही बऱ्याचदा बरं वाटतं. सुईचा वाटा किती आणि निवांतपणाचा, कुणीतरी आस्थेनं विचारपूस केल्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. ताईंना मिळालेला आराम खराच आहे. पण त्याच्या भरवशावर मनानेच गोळ्या सोडणं धोक्याचं, हे आम्हाला ठासून सांगायचंय.

समुपदेशनाने गुण येतो, याचा भक्कम पुरावा तर गोव्यातच आहे. संगाथ संस्थेने इथल्या २४ आरोग्यकेंद्रांत आणि दवाखान्यांत नैराश्य-चिंतेच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमले. सरकारी केंद्रांतले रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक संख्येने बरे झाले. २०१०मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

सुया घ्यायच्याच असतील तर आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगा. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.