सीओपीडी: श्वास घेता येत नाही की सोडता येत नाही?

नमस्कार. तुमची फुप्फुसं ठणठणीत असतील तर एक करून बघा. छाती भरून श्वास घ्या, थोडासाच सोडा, आणि त्याच्यावरच पुन्हा घ्या. पुन्हा थोडासाच सोडा, पुन्हा घ्या. झालं ना गच्च? आत जागाच उरली नाही.

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. तो असलेल्या माणसाला जिना चढताना असंच होतं. बघणाऱ्याला वाटतं, याला हवा कमी पडतेय. खरं तर आधीची हवाच बाहेर गेलेली नसते. वर्षानुवर्षं तंबाखूचा किंवा लाकूडफाट्याचा धूर, कामावरची धूळ छातीत गेली की श्वासनलिका सुजतात, कफ साचतो, आणि नळ्यांना ताणून उघडं ठेवणारं फुप्फुसाचं जाळंही झिजतं. मग श्वास सोडताना त्या मिटतात. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुप्फुसांच्या फुंकून करायच्या तपासणीत, म्हणूनच जोरात फुंकायला लावतात. झीज भरून येत नाही, पण सिगारेट-विडी सोडली की पुढची घसरण मंदावते. साठीतसुद्धा.

आता पंप, म्हणजे इनहेलर. 'पंपाची सवय लागते' हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण या भीतीपायी माणसं धापा टाकत बसतात. साल्ब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा! औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून एवढंसं पुरतं.

मात्र ते पोचायला हवं. (पंप हातात घेऊन) हा फवाऱ्याचा पंप. हलवा. आधी श्वास पूर्ण सोडा, हे हमखास राहून जातं. पंपाचं तोंड तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास ओढायला लागा आणि ओढता ओढताच दाबा. १० सेकंद रोखा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा, त्यात कमीपणा नाही. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा.

आणि धाप लागली की घाईघाईने हवा ओढू नका. नाकातून दोन आकडे श्वास घ्या, ओठांचा चंबू करून चार आकडे सोडा. समोर मेणबत्ती असेल तर ज्योत हलावी, विझू नये, इतक्या हळू. (करून दाखवत) असं. नळ्या उघड्या राहतात, अडकलेली हवा निघते.

कफ वाढला, हिरवा-पिवळा झाला किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ निळे पडले किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर थेट इमर्जन्सीत जा.