डिचोलीची विहीर, लंडनची सभा

ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली विहीर. दोराला जोडलेला नवा तुकडा बघा, पाणी तेवढं खाली गेलंय. लोहखनिजाच्या खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली उतरला की आजूबाजूचं पाणी त्याच्याकडे धावतं. पंप ते उपसत राहतात नि विहिरींचा तळ दिसू लागतो. पावसात टाकाऊ मातीचे ढिगारे धुपतात. तो लाल गाळ शेतात साचतो.

गोव्याच्या खनिजाचे मालक बदलत आले. सेझा गोवा ही खाण कंपनी १९५४ साली इटालियन भांडवलावर उभी राहिली, १९९६ मध्ये जपानच्या मित्सुईकडे गेली आणि २००७ मध्ये वेदान्ता या खाण उद्योगातल्या बड्या कंपनीकडे. वेदान्ताचे शेअर तेव्हा लंडनच्या बाजारात होते. म्हणून दाद मागायचा एक पत्ता तिथला होता.

अशा कंपनीच्या वार्षिक सभेत प्रश्न विचारायला एक शेअर पुरतो. मात्र ऑनलाइन घेतलेल्या शेअरवर बहुधा ब्रोकरच्या नॉमिनी कंपनीचं, म्हणजे ग्राहकांच्या वतीने शेअर सांभाळणाऱ्या कंपनीचं नाव लागतं आणि वेगळं पत्र नसेल तर दारावरच अडतं. त्यापेक्षा कागदी प्रमाणपत्र स्वतःच्या नावाने, काही आठवडे आधीच घ्यावं. शेअरधारक आपल्याऐवजी प्रतिनिधी पाठवू शकतो. तो फॉर्म मुदतीत गेला, तर लंडनच्या मित्राच्या शेअरवर डिचोलीचा माणूस माइकपुढे उभा राहतो.

उभं राहून म्हणायचं काय? ‘डोंगर खाल्ला’ म्हटलं की टाळ्या पडतात, उत्तर मिळत नाही. खाणपट्ट्याचा टी. सी. (पोर्तुगीज काळातल्या खाण-सनदेचा) क्रमांक, सर्व्हे नंबर, एक-चौदाचा (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचा) उतारा, तारीख असलेला फोटो हवा. विहिरीच्या पाण्यातलं लोह मोजायचं तर प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली बाटली आणायची. साध्या बाटलीत लोह गंजासारखं कडेला चिकटतं आणि आकडा कमी येतो. ही चूक फार होते.

या वाटेने काही हाती लागलं. आपल्या नैतिक परिषदेच्या शिफारशीवरून नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्ये वेदान्ताला गुंतवणुकीतून वगळलं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर वेदान्ताला बॉक्साइटची खाण हवी होती; त्या प्रश्नावरून चर्च ऑफ इंग्लंडने २०१० मध्ये तिचे शेअर विकले. पण विकलेला शेअर दुसरा कुणी घेतोच. नियमगिरी वाचली ती २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटलं म्हणून. गोव्यातही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं ते गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर, आपल्या सर्वोच्च न्यायालयात. लंडनची सभा ग्रामसभेच्या नि कोर्टाच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये वेदान्ता लंडनच्या बाजारातून बाहेर पडली. एका शेअरची वाट बंद झाली, कोर्टाची उरली. झांबियातल्या चिंगोलाजवळच्या १,८२६ गावकऱ्यांना, वेदान्ताच्या उपकंपनीच्या तांब्याच्या खाणीने नदी नासवल्याचा दावा इंग्लंडमध्ये चालवता येईल, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी ठरवलं. उपकंपनीच्या पर्यावरणावर आमची देखरेख आहे, असं मूळ कंपनीनेच आपल्या अहवालात छापलं होतं. न्यायालयाने त्याला वजन दिलं. त्यामुळे असा चकचकीत अहवाल निघाला की त्याच दिवशी उतरवून ठेवायचा, पान क्रमांकासकट. संकेतस्थळावरची पानं पुढे बदलतात.