चिकटवलेली बॉडी किट: काढणं आणि पुन्हा बसवणं

मित्रहो, स्पोर्ट्स कारला बाहेरून चिकटवलेले शोभेचे भाग म्हणजे बॉडी किट. त्यातला साइड स्कर्ट (दारांखालची लांब पट्टी) किंवा फ्रंट लिप (पुढच्या बंपरखालची पट्टी) काढताना भाग तुटला तर तो नवीन आणता येतो. पण त्याच्यासोबत गाडीचा रंग पत्र्यापर्यंत सोलून निघाला, तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून आजचा सगळा विषय एका वाक्यात सांगतो: गोंद रंगापासून सोडवायचा नाही, तो मधोमध कापायचा. भाग ओढला की सगळा ताण कडेच्या एका रेषेवर येतो. तिथं गोंद रंगापेक्षा भक्कम असेल, तर आधी सुटतो तो रंग. गाडी आधी कधी रंगवलेली असेल तर हा धोका दुप्पट. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचा, असतो. जाडी मोजायच्या यंत्रानं 250 च्या वर आकडा दाखवला, तर खाली दुसरा रंग किंवा पुट्टी आहे असं धरून चाला.

पहिलं काम, भाग कशानं धरलाय ते ओळखायचं. कडेतून टॉर्च मारून बघा. सरळ कापल्यासारखी, एकसारख्या जाडीची करडी किंवा काळी पट्टी दिसली तर ती ॲक्रेलिक फोमची डबल टेप, थ्रीएमच्या व्हीएचबीसारखी. काळा, वेडावाकडा, नख रोवलं की परत फुगणारा पदार्थ म्हणजे पॉलियुरेथेन, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं पीयू म्हणतात. गाडीची काच ज्यानं बसवतात तोच. नख रुतलंच नाही तर इपॉक्सी. आणि मुद्दाम सांगायचं ते सिलिकॉन. बरेच जण स्वस्त पडतं म्हणून हे वापरतात, आणि नंतर त्या जागेवर ना नवा गोंद धरत, ना रंग. ते आढळलं तर शेवटचा अंश जाईपर्यंत साफ केल्याशिवाय पुढं जाऊच नका.

गोंदाला हात लावायच्या आधी स्क्रू शोधा. साइड स्कर्टची दोन्ही टोकं चाकाच्या कमानीत स्क्रूनं धरलेली असतात, खालच्या बाजूला क्लिपा असतात, आणि स्पॉयलरचे (डिक्कीवरच्या पंखाचे) नट बऱ्याचदा डिक्कीच्या आतल्या अस्तराखाली लपलेले असतात. फायबरचे भाग तुटतात ते बहुतेक वेळा गोंदामुळं नाही, राहून गेलेल्या एका स्क्रूमुळं. मग भागाच्या कडेनं गाडीवर मास्किंग टेप लावा आणि त्यावर जागेच्या खुणा करा. परत बसवताना या खुणांशिवाय दोन्ही बाजू कधीच सारख्या येत नाहीत.

डबल टेपला उष्णता चालते. हीट गन 15 ते 20 सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत राहा, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरवर पृष्ठभाग 60 अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून वर गेलात तर पातळ फायबर वाकतं आणि ते सहसा परत सरळ होत नाही. टेप मऊ झाली की विणलेल्या मासेमारीच्या दोऱ्यानं करवतीसारखं मागंपुढं कापत जा. साधा नायलॉनचा एकतारी दोरा घासून तापतो आणि तुटतो, म्हणून विणलेलाच घ्या. दोरा नेहमी भागाकडं दाबून ठेवायचा, गाडीकडं नाही.

पीयूवर मात्र हीट गन फारशी चालत नाही. फार तापवलं तर घातक वाफा निघतात, त्यामुळं तो मोह टाळा. इथं काचवाल्यांची तार किंवा कंपन होणाऱ्या कटरचं पातं हवं, दोन माणसं हवीत, आणि रंगाशेजारी प्लास्टिकची पट्टी सरकवून ठेवायला हवी. लोटस एलिससारख्या गाडीवर काम असेल तर आणखी एक काळजी. 1996 मध्ये आलेल्या या गाडीची ॲल्युमिनियमची चासीसुद्धा, म्हणजे मूळ सांगाडासुद्धा, इपॉक्सीनं जोडलेली आहे. पॅनेलचा गोंद आणि चासीचा सांधा यांतला फरक पटल्याशिवाय तिथं कटर किंवा हीट गन नेऊच नका.

भाग निघाल्यावर टेप आणि पीयू यांचे रस्ते वेगळे होतात. टेपचा सगळा अंश काढायचा: रबरी चाक ड्रिलवर कमी वेगानं, एका जागी न थांबता, थांबलात की रंग करपतो. पीयू मात्र घट्ट धरून असेल तर 1 ते 2 मिलिमीटरचा थर तसाच ठेवायचा. ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर नवं पीयू उत्तम धरतं. काचा बसवणारेही हेच करतात. रंगावरून तो खरवडत बसणं म्हणजे विनाकारण नुकसान. पत्रा उघडा पडला असेल, तर प्रायमर मारल्याशिवाय झाकू नका. आत गंज कधी सुरू झाला ते कळतही नाही.

आता बसवणं. आधी कोरडं लावून बघा. भाग हातानं न दाबता जागेवर बसला पाहिजे. दाबून बसवावा लागत असेल, तर गोंद आयुष्यभर ताणात राहील आणि टोकाकडून उकलेल. फायबरच्या आतल्या बाजूला साच्यातलं मेण असतं. ते पुसून 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. पॉलिप्रॉपिलीनचा भाग असेल, म्हणजे आतल्या बाजूला पीपी असा छाप असेल, तर खास प्रायमरशिवाय त्याला काहीच धरत नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचं निम्मंनिम्मं मिश्रण, स्वच्छ कापड, आणि पूर्ण वाळू द्या.

पीयूसाठी नळीचं तोंड V आकारात कापा: 8 मिलिमीटर रुंद, 10 उंच त्रिकोणी पट्टा. एका मीटरला 40 मिलिलिटर लागतं. पावणेदोन मीटरच्या स्कर्टला दोन पट्टे म्हणजे जवळजवळ 140. दोन्ही बाजूंना 300 ची एक नळी काठावर पुरते, म्हणून दोन घ्या. मध्येच संपली तर आधी लावलेल्यावर साय धरते. पट्टा 3 मिलिमीटरच्या खाली चपटू नये म्हणून मध्ये रबरी ठोकळे ठेवा. ही जाडी फार महत्त्वाची आहे, कारण प्लास्टिक पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि आकसतं. दीड मीटरचा प्लास्टिकचा भाग 40 अंशांच्या फरकात 6 मिलिमीटरपर्यंत लांबू शकतो; ताठ इपॉक्सी तिथं तडकते, जाड लवचिक पट्टा झेलतो. वरचा पट्टा सलग ठेवा, खालचा तोडत तोडत, म्हणजे पाणी निघून जाईल. दाराच्या उंबरठ्याखालची पाणी जायची भोकं तर मुळीच बुजवू नका.

लिप आणि स्कर्टच्या टोकांना स्क्रू हवेतच. वारा आधी टोक पकडतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि सोलण्याच्या ताणापुढं सगळ्यात महाग टेपही हरते.

टेपनं बसवत असाल तर सगळीकडून जोरात दाबा. तिची बहुतेक ताकद 24 तासांत येते, पूर्ण ताकद यायला 72 लागतात. 10 अंशांखालच्या थंडीत लावूच नका. पीयू हवेतल्या दमटपणानं वाळतं, 23 अंश आणि 50 टक्के दमटपणात रोज साधारण 3 मिलिमीटर, कडेपासून आत. कोकणातल्या पावसाळ्यात ते पटकन होतं, कोरड्या थंडीत रेंगाळतं. दाबल्यावर पट्टा 13 मिलिमीटर रुंद होतो, दोन्ही कडांनी वाळत गेला तरी मध्यापर्यंत दोन दिवसांहून जास्त लागतात. तेव्हा भाग जागेवर धरून ठेवायला लावलेले मास्किंग टेपचे पट्टे पहिले 24 तास काढू नका, आणि तीन दिवस प्रेशर वॉशर आणि एक्सप्रेसवे दोन्ही टाळा.